खडकीचा धनराज पिल्ले: देशाला ३२ वर्षांनी सोनं जिंकून दिलं आणि पुढच्याच मालिकेत संघाबाहेर गेला

पुणे-लोणावळा लोकल शिवाजीनगर सोडते आणि पुढचं स्टेशन येतं खडकी. शाळेत इतिहासाचं पुस्तक वाचलं असेल तर हे नाव लक्षात असतं ते १८१७ च्या लढाईमुळे. पेशवे आणि इंग्रज इथेच भिडले होते. त्यानंतर इंग्रजांनी इथे छावणी वसवली, १८६९ मध्ये दारूगोळ्याचा कारखाना उभा केला, आणि खडकी म्हणजे लष्कर, फॅक्टरी आणि फॅक्टरीच्या क्वार्टर्स असं समीकरण तयार झालं.

छावणी आली की तिच्यामागे दोन गोष्टी येतात. एक, देशाच्या कानाकोपऱ्यातून पोटापाण्यासाठी आलेली माणसं. आणि दुसरी, हॉकी.

याच खडकीत १६ जुलै १९६८ रोजी एका तमिळ कुटुंबात चौथा मुलगा जन्माला आला. वडील नागलिंगम फॅक्टरीच्या मैदानाची देखभाल करायचे. आई अंदालम्मा पाच पोरांचा संसार ओढायची. त्या चौथ्या पोराचं नाव धनराज.

पुढे तो ४ ऑलिंपिक, ४ वर्ल्डकप, ४ चॅम्पियन्स ट्रॉफी आणि ४ एशियन गेम्स खेळला. भारतासाठी ३३९ आंतरराष्ट्रीय सामन्यांत मैदानात उतरला. पण ज्या दिवशी त्याच्या करिअरचा सगळ्यात मोठा विजय झाला, त्यानंतर काही आठवड्यांतच त्याचं नाव भारतीय संघाच्या यादीतून गायब झालं होतं.

हे नेमकं कसं घडलं, हे समजून घ्यायचं तर सुरुवात खडकीच्या मैदानापासूनच करावी लागते.

मोडक्या स्टिकवर दोरी बांधून

पिल्ले कुटुंबात पैसा नव्हता, पण वडिलांच्या कामामुळे मैदान मात्र दारातच होतं. पाचही भाऊ हॉकी खेळायचे. नवी स्टिक घेणं परवडणारं नव्हतं, त्यामुळे मोठ्या खेळाडूंनी टाकून दिलेल्या मोडक्या स्टिक गोळा करायच्या, त्यांना दोरी गुंडाळायची आणि त्यावरच सराव करायचा, असा सगळा मामला होता. पावसाळ्यात मैदानाचा चिखल व्हायचा. खेळ थांबायचा नाही.

आईचा या सगळ्याला पाठिंबा होता. घरात चणचण असतानाही पोरांनी खेळावं यासाठी आई आग्रही असायची, हे धनराजने नंतर अनेकदा सांगितलं आहे.

त्या काळात भारतीय हॉकीत एकच नाव चालायचं, मोहम्मद शाहिद. चेंडू स्टिकला चिकटल्यासारखा घेऊन तीन-चार जणांना चकवत पुढे जाणारा शाहिद हा धनराजचा आदर्श होता. खडकीच्या मैदानावर पोरगा त्याचीच नक्कल करायचा.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून हॉकी कृत्रिम टर्फवर गेली होती. युरोप आणि ऑस्ट्रेलियातली पोरं लहानपणापासून गुळगुळीत टर्फवर खेळत होती आणि भारतातली बहुतेक पोरं मातीत. मातीवर चेंडू कुठेही उसळतो, त्यामुळे तो कायम ताब्यात ठेवण्याचं कसब हाताला येतं. टर्फवर मात्र चेंडू वेगाने पळतो. तिथे पास, दम आणि वेग यांना जास्त महत्त्व येतं. धनराजचं वेगळेपण असं की त्याच्याकडे मातीतलं ड्रिबलिंग होतं आणि टर्फला लागणारा वेगही होता.

मोठा भाऊ मुंबईत होता म्हणून

धनराजचा मोठा भाऊ रमेश मुंबईत राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स म्हणजे आरसीएफकडून खेळायचा. तो स्वतः भारताकडूनही खेळला होता. १९८० च्या दशकाच्या मध्यावर धनराज खडकी सोडून त्याच्याकडे मुंबईला गेला.

तेव्हाची पद्धत अशी होती की हॉकीतून थेट पैसा मिळायचा नाही. मिळायची ती नोकरी. रेल्वे, पोलीस, बँका, विमान कंपन्या आणि मोठे कारखाने आपापले संघ ठेवायचे. चांगला खेळाडू दिसला की त्याला नोकरीवर घ्यायचे. पगार कंपनीचा, काम हॉकीचं. गरीब घरातल्या पोरासाठी हॉकी म्हणजे पक्क्या नोकरीचा रस्ता होता.

मुंबईत रमेशने धाकट्याला घडवलं. त्यानंतर धनराज महिंद्रा अँड महिंद्राच्या संघात आला आणि तिथे त्याला ऑलिंपियन जोकिम कार्व्हालो यांचं मार्गदर्शन मिळालं. पुढे तो इंडियन एअरलाइन्समध्ये गेला.

डिसेंबर १९८९ मध्ये दिल्लीत आशिया कप झाला आणि २१ वर्षांच्या धनराजने भारताकडून पदार्पण केलं.

संघ पडत होता, धनराज पळत होता

धनराज संघात आला तो काळ भारतीय हॉकीसाठी फारसा बरा नव्हता. १९७५ चा वर्ल्डकप आणि १९८० चं मॉस्को ऑलिंपिक सोनं मागे पडलं होतं. लोकांच्या अपेक्षा ध्यानचंद यांच्या काळातल्याच होत्या, निकाल मात्र वेगळेच लागत होते.

१९९० च्या लाहोर वर्ल्डकपमध्ये भारत दहावा आला. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये सातवा. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये आठवा. १९९० आणि १९९४ च्या एशियन गेम्समध्ये फायनल गाठली, पण दोन्ही वेळा रौप्यावर समाधान मानावं लागलं.

अशा संघातही धनराज वेगळा दिसत होता. १९९४ च्या सिडनी वर्ल्डकपमध्ये भारत पाचवा आला आणि स्पर्धेनंतर निवडलेल्या वर्ल्ड इलेव्हनमध्ये एकाच भारतीयाचं नाव होतं, धनराज पिल्ले. १९९५ मध्ये त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला.

लांब केस, पुढे झुकलेलं अंग आणि उजवीकडून मुसंडी मारत डी पर्यंत पोचणारा फॉरवर्ड ही त्याची ओळख झाली. क्रिकेटमध्ये जसा सचिन बाद झाला की लोक टीव्ही बंद करायचे, तसा हॉकीत धनराजकडे चेंडू आला की लोक खुर्चीतून पुढे सरकायचे.

पण एकटा फॉरवर्ड किती करणार? आधुनिक हॉकीत निम्मं युद्ध पेनल्टी कॉर्नरवर जिंकलं जातं. धनराज पळून, चकवून पेनल्टी कॉर्नर मिळवून द्यायचा. तो गोलात बदलणारा खात्रीचा ड्रॅगफ्लिकर मात्र त्या काळात भारताकडे बराच काळ नव्हता.

परदेशी लीगमधला धनराज

या सगळ्याच्या जोडीला धनराजचं आणखी एक करिअर चालू होतं. तो जगभरातल्या क्लबांकडून खेळत होता.

मलेशियात तो वेगवेगळ्या संघांकडून खेळला आणि तिथे प्रचंड लोकप्रिय झाला. लंडनचं इंडियन जिमखाना, फ्रान्समधला ल्योनचा क्लब, जर्मनीतला स्टुटगार्ट किकर्स, बांगलादेशातला अबाहानी, हाँगकाँगचा खालसा क्लब अशी ती यादी आहे.

परदेशी क्लबमध्ये हंगामाचा करार व्हायचा, राहण्या-खाण्याची सोय असायची आणि ठरलेले पैसे मिळायचे. त्यामुळे धनराजला एक फरक जवळून दिसला. खेळाडूला त्याच्या कामाचा मोबदला वेळेवर आणि सन्मानाने मिळणं ही तिथे मेहेरबानी समजली जात नव्हती. हाच फरक पुढे त्याला महागात पडला.

बँकॉक, डिसेंबर १९९८

१९९८ हे वर्ष वाईटच सुरू झालं होतं. नेदरलँड्समधल्या वर्ल्डकपला धनराज कर्णधार होता आणि भारत नववा आला.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बँकॉकला एशियन गेम्स होते. भारताने एशियन गेम्समधलं हॉकीचं शेवटचं सोनं १९६६ मध्ये जिंकलं होतं, तेही बँकॉकमध्येच. त्यानंतर ३२ वर्षं रौप्य किंवा कांस्य घेऊन परत यायची सवय झाली होती.

एम. के. कौशिक प्रशिक्षक होते, धनराज कर्णधार. स्पर्धेत गोल करणाऱ्यांत तो आघाडीवर राहिला. फायनल दक्षिण कोरियाशी होती. सामना बरोबरीत सुटला आणि निकाल पेनल्टी स्ट्रोकवर गेला. गोलकीपर आशिष बलालने कोरियाचे स्ट्रोक अडवले आणि भारताने सोनं जिंकलं.

खडकीच्या फॅक्टरी मैदानावरचा पोरगा आता एशियाड विजेत्या भारतीय संघाचा कर्णधार होता. वय ३० वर्षं.

आणि मग ती यादी आली

यानंतर पाकिस्तानविरुद्धच्या मालिकेसाठी भारतीय संघ जाहीर झाला. त्या यादीत कर्णधार धनराजचं नाव नव्हतं. फायनलचा हिरो बलालही नव्हता. एकूण सात सीनियर खेळाडू बाहेर होते. प्रशिक्षक कौशिक यांनाही पदावरून जावं लागलं.

इंडियन हॉकी फेडरेशनचं अधिकृत कारण होतं की खेळाडूंना 'विश्रांती' दिली आहे. तेव्हा फेडरेशनचे अध्यक्ष होते के. पी. एस. गिल, पंजाब पोलिसांचे माजी प्रमुख.

पण देशभरात या निर्णयाचा अर्थ वेगळा लावला गेला. बँकॉकच्या आधीपासूनच खेळाडू दौऱ्यांच्या पैशांवरून नाराज होते. भत्ते कमी आहेत, तेही उशिरा मिळतात, असं त्यांचं म्हणणं होतं आणि धनराजने ते उघडपणे बोलून दाखवलं होतं. त्यामुळे ही विश्रांती नसून शिक्षा आहे, असं वर्तमानपत्रांपासून माजी खेळाडूंपर्यंत अनेकांनी म्हटलं.

इथे धनराजच्या स्वभावाचाही भाग होता. तो चिडायचा, भांडायचा, कॅमेऱ्यासमोर रडायचा आणि मनात येईल ते बोलून मोकळा व्हायचा. अधिकाऱ्यांना असा खेळाडू सांभाळायला अवघड जातो, हे खरं. पण प्रश्न स्वभावाचा नव्हताच. ३२ वर्षांनी सोनं जिंकून आणलेल्या संघातले सात सीनियर एकाच वेळी घरी बसवण्याला हॉकीचं कारण काय, याचं पटेल असं उत्तर कधी मिळालं नाही.

बँकॉकचं सोनं हा भारतीय हॉकीचा पुन्हा उभं राहण्याचा क्षण ठरू शकला असता. तसं झालं नाही.

गंमत बघा, याच सुमारास सरकारने मात्र त्याचा सन्मान केला. १९९९-२००० साठीचा खेलरत्न पुरस्कार धनराजला मिळाला. हा पुरस्कार मिळवणारा तो पहिला हॉकीपटू. २००१ मध्ये पद्मश्रीही मिळाली.

दोन मिनिटांपेक्षा कमी वेळ उरला होता

धनराज संघात परतला. २००० चं सिडनी ऑलिंपिक हे त्याचं तिसरं ऑलिंपिक. गटातला शेवटचा सामना पोलंडशी होता. गणित सोपं होतं, जिंकलं की सेमीफायनल.

भारत १-० ने पुढे होता. सामना संपायला दोन मिनिटांपेक्षाही कमी वेळ उरला होता. तेवढ्यात पोलंडने गोल केला. १-१. सेमीफायनलचं दार बंद. भारत सातवा आला.

हॉकीत ऑलिंपिक पदकाच्या जवळ जायची त्या पिढीची ती सगळ्यात मोठी संधी होती. आजही जुने हॉकीवाले 'पोलंड' एवढं म्हटलं तरी गप्प होतात.

पस्तिशीतला धनराज

फॉरवर्ड हा वेगावर जगतो. तिशीनंतर त्याचा वेग कमी होतो आणि संघातली जागा जाते. धनराजच्या बाबतीत उलटंच घडलं.

२००२ चा क्वालालंपूर वर्ल्डकप भारतासाठी फसला. स्पर्धा चालू असतानाच प्रशिक्षक सेड्रिक डिसूझा यांना हटवण्यात आलं आणि भारत दहावा आला. पण त्याच वर्षी जर्मनीतल्या कोलोनला झालेल्या चॅम्पियन्स ट्रॉफीत ३४ वर्षांचा धनराज स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. कांस्यपदकाचा सामना भारत पाकिस्तानकडून हरला, तरी बक्षीस घ्यायला गेला तो धनराजच. त्यानंतर बुसान एशियन गेम्समध्ये भारताने रौप्य जिंकलं.

दरम्यान नवी पिढी आली होती. २००१ चा ज्युनियर वर्ल्डकप जिंकलेले गगन अजित सिंग, दीपक ठाकूर, जुगराज सिंग अशी पोरं सीनियर संघात होती. लहानपणी ज्याला टीव्हीवर पाहिलं त्याच्याच शेजारी ते आता खेळत होते.

सप्टेंबर २००३ मध्ये क्वालालंपूरला आशिया कप झाला. त्याच्या थोडंच आधी ड्रॅगफ्लिकर जुगराज गंभीर अपघातात जखमी झाला होता. त्याच्याशिवाय उतरलेल्या संघाने धनराजच्या नेतृत्वाखाली फायनलमध्ये पाकिस्तानला ४-२ ने हरवलं. भारताने आशिया कप जिंकण्याची ती पहिलीच वेळ.

१९८९ च्या आशिया कपमध्ये पदार्पण केलेल्या खेळाडूने १४ वर्षांनी कर्णधार म्हणून तोच कप उचलला.

अथेन्स: शेवट असा व्हायला नको होता

२००४ च्या अथेन्स ऑलिंपिकच्या तोंडावर पुन्हा घोळ झाला. काही आठवडे आधी प्रशिक्षक राजिंदर सिंग यांना बाजूला करून जर्मनीचे गेरहार्ड राख यांना आणलं गेलं. नव्या प्रशिक्षकाला संघ ओळखायलाही वेळ मिळाला नाही.

३६ वर्षांचा धनराज संघात होता, पण बराच वेळ बेंचवर. भारत पुन्हा सातवा आला. ऑगस्ट २००४ मध्ये त्याचं आंतरराष्ट्रीय करिअर संपलं. निरोपाचा सामना नाही, मैदानाला फेरी नाही.

त्याच्या नावावर किती गोल आहेत, हा प्रश्नसुद्धा नीट सुटलेला नाही. साधारण १७० असा आकडा सांगितला जातो, कारण फेडरेशनने गोलांची व्यवस्थित नोंदच ठेवली नव्हती. देशाच्या राष्ट्रीय खेळाचा दर्जा ज्याला लोक देतात, त्या खेळातल्या एवढ्या मोठ्या खेळाडूची ही आकडेवारी.

२००७ मध्ये क्रीडा पत्रकार संदीप मिश्रा यांनी लिहिलेलं त्याचं चरित्र आलं. नाव आहे 'फर्गिव्ह मी अम्मा'. म्हणजे 'अम्मा, मला माफ कर'.

पण तो थांबला का?

नाही. प्रीमियर हॉकी लीगमध्ये तो मराठा वॉरियर्सकडून खेळला. २०१२ मध्ये वर्ल्ड सीरीज हॉकी सुरू झाली तेव्हा कर्नाटक लायन्सच्या जर्सीत ४३ वर्षांचा धनराज पुन्हा पळताना दिसला. समोरच्या संघातली काही पोरं त्याच्या पदार्पणाच्या वेळी जन्मलीही नव्हती. पुढे तो एअर इंडियाच्या हॉकीशी जोडलेला राहिला आणि गुजरातमध्ये नव्या मुलांना घडवण्याच्या कामात पडला. २०१७ मध्ये कोलकात्याच्या ईस्ट बंगाल क्लबने त्याला 'भारत गौरव' सन्मान दिला.

थोडक्यात धनराज

आंतरराष्ट्रीय सामने: ३३९ (१९८९ ते २००४)
ऑलिंपिक: १९९२, १९९६, २०००, २००४
वर्ल्डकप: १९९०, १९९४, १९९८, २००२
एशियन गेम्स: १९९० रौप्य, १९९४ रौप्य, १९९८ सुवर्ण, २००२ रौप्य
चॅम्पियन्स ट्रॉफी: १९९५, १९९६, २००२, २००३
आशिया कप: २००३ सुवर्ण, कर्णधार
ऑलिंपिक पदक: नाही

त्याने मागितलं होतं ते नंतर मिळालं, पण दुसऱ्यांना

मार्च २००८ मध्ये भारत इतिहासात पहिल्यांदा ऑलिंपिकसाठी पात्र ठरला नाही. चिलीतल्या पात्रता स्पर्धेत ग्रेट ब्रिटनने हरवलं. तेव्हा भारताचे प्रशिक्षक होते जोकिम कार्व्हालो, ज्यांनी मुंबईत धनराजला घडवलं होतं. त्यानंतर पुढच्याच महिन्यात गिल यांच्या फेडरेशनवर कारवाई झाली आणि पुढे हॉकी इंडिया ही नवी संघटना आली.

२०१३ मध्ये हॉकी इंडिया लीग सुरू झाली. खेळाडूंचा लिलाव झाला, करार झाले, रकमा जाहीर झाल्या. २०१८ पासून ओडिशा सरकारने राष्ट्रीय संघाचं प्रायोजकत्व घेतलं. २०२१ मध्ये टोकियोत भारताने ४१ वर्षांनी ऑलिंपिक पदक जिंकलं, २०२४ मध्ये पॅरिसला पुन्हा कांस्य मिळालं. पदक जिंकून आलेल्या खेळाडूंना राज्य सरकारांनी रोख बक्षिसं आणि नोकऱ्या दिल्या.

खेळाडूला पैसे मिळाले म्हणून हॉकीचं काही वाईट झालं नाही. झालं ते चांगलंच. १९९८ मध्ये धनराज आणि त्याचे सहकारी यापेक्षा फार वेगळं काही मागत नव्हते. त्यांचं मागणं फक्त दौऱ्याचे पैसे नीट आणि वेळेवर मिळावेत एवढंच होतं.

आज एखादा खेळाडू सोशल मीडियावर मानधनाबद्दल बोलतो तेव्हा लोक त्याच्या बाजूने उभे राहतात. धनराजच्या वेळी ती सोय नव्हती. तेव्हा बोलण्याची किंमत एकच होती, संघातली जागा. ती किंमत त्याने तिसाव्या वर्षी, गळ्यात सोनं असताना मोजली. आणि तरीही परत येऊन आणखी साडेचार-पाच वर्षं तो भारतासाठी पळत राहिला.